तिसरी पायरी

जेटीच्या पायऱ्या अकरा.
वरून तिसरीपर्यंत कोरडा चिरा,
चौथीपासून शेवाळ.
निमिषला हे सांगितलं तेव्हा
त्याला अकरापर्यंत मोजता येत नव्हतं,
तीनपर्यंत येत होतं.
तीन पुरे.

आधी मी म्हणायचे, "पुढे गेलास तर बघ."
तो जायचा, आणि बघायचा.
खरंच बघायचा, मान वळवून, माझ्याकडे,
काय दिसतंय म्हणून.
काहीच दिसायचं नाही.
मी जाळ्यात अडकलेली बारकी मासळी सोडवत असायचे
किंवा टोपलीच्या भावावरून घासाघीस करत,
आणि तोंडानेच पुन्हा, "बघ हां."
पोराला मी धमक्या मोजायला शिकवलं.
पहिली फुकट, दुसरी फुकट,
पाचवीला आवाज चढतो,
सातवीला आई उठते.

एकदा तिसरीलाच उठले
आणि पाठीत धपाटा घातला.
तो नियम नव्हता.
बांगड्याचा भाव पडला होता.
रात्री त्याच्या पाठीवरून हात फिरवताना
तसं सांगूनही टाकलं त्याला.
अंधारात म्हणाला,
"बांगडो कितक्याक गेलो?"

मग ठरवलं.
एकदाच सांगायचं. चौथीवर पाय पडला की घर.
ओरडायचं नाही, उद्यावर ढकलायचं नाही.
सासूबाई म्हणाल्या, "पोर हा ता. आज सोड."
बर्फाच्या वखारीतली हसीनाबी म्हणाली,
समुद्राकडून शीक, भरती बघ कशी नेमाने येते.
भरतीचं मला सांगू नका.
ती रोज पाऊण तास उशिरा येते
आणि तरी तिला नेमाची म्हणतात.
मला तेवढी सवलत नाही.

गुरुवारी बोट यायची होती.
आठ दिवसांनी.
मी अबोलीचा वळेसर माळला होता,
कुणी बघो न बघो.
किल्ल्याच्या आडून बोटीचं नाक दिसलं
आणि निमिष धावला.
तीन. चार.
पाचवीवर थांबला,
मान वळवली.

अख्खी जेटी माझ्याकडे बघत होती.
सासूबाईंनी नुसती भुवई उचलली: आज?
आजच यावं का हे, असं मलाही वाटलं.
पाण्यावरचं इंजिन मोठं होत गेलं.
मी खाली उतरले, त्याला कडेवर घेतला,
आणि बोटीकडे पाठ करून चढ चढले.
त्याची एक चप्पल पाण्यात पडली.
लाथा माझ्या पोटाला लागत होत्या.

खळ्यात बसलो दोघं.
इंजिन बंद झालेलं ऐकू आलं,
मग दोर फेकल्याचा आवाज,
मग माणसांचं हसणं,
त्यात एक ओळखीचं.
"बाबा येतले?"
"येतले. हयसरच."
"जेटीर जावया?"
"उद्या."
तो रडला, खूप वेळ,
माझ्याच खांद्यावर, माझ्याच विरुद्ध.
अबोली चुरगळली.

नवरा आला, डिझेलचा आणि बर्फाचा वास घेऊन.
"खाली कोण नाय दिसला ता?"
मी काही बोलायच्या आत
निमिषने नाक पुसलं
आणि तीन बोटं वर केली.
"इतक्याच," तो म्हणाला. "मी पाच गेलंय."
नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.
त्याला समजलं की नाही, माहीत नाही.
एका पायातली चप्पल बघून म्हणाला,
दुसरी खंय?

आता दुपार आहे. पाणी उतरलंय.
निमिष तिसरीवर बसलाय
आणि उजवा पाय चौथीच्या वर धरलाय,
टेकवलेला नाही,
शेवाळाच्या बोटभर वर.
मान वळवून बघतोय.

मी हातातली बोय खाली ठेवली आहे.
तो काही म्हणत नाही.
मीही.